खांबाला तेल, खांबाला स्पिरिट

मल्लखांबाला एरंडेल चोळतात. तालमीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एरंडेलाचा आणि मातीचा वास त्याच्या डोक्यात एकत्रच बसलेला असतो. माझी भाची मला कोथरूडमधल्या ज्या पोल फिटनेसच्या वर्गाला घेऊन गेली, तिथे मात्र दारातच सूचना लावलेली: अंगाला तेल, क्रीम, मॉइश्चरायझर लावून येऊ नये. आत शिकवणारी मुलगी दर थोड्या वेळाने फडकं घेऊन स्टीलचा खांब स्पिरिटने पुसत होती. एका खांबाला तेल हवं आणि दुसऱ्याला तेलाचं वावडं. ‘पोल डान्स म्हणजे आपला मल्लखांबच, त्यांनी उचलला’ असं छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ प्रत्येक लग्नात भेटतात. त्यांनी आधी या तेलाचा विचार करावा.

मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो. जमिनीवर साधारण साडेआठ फूट दिसतो, खाली तीनेक फूट पुरलेला असतो. बुंध्याशी त्याचा घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास. वर जाताना तो निमुळता होतो, मग मान आणि मानेवर बोंड. असा जाडजूड खांब मांडीत धरायचा आणि त्याच्याभोवती अंग फिरवायचं, तर कातडी सोलवटून निघेल. म्हणून एरंडेल. स्टीलच्या खांबाचा व्यास ४५ मिलिमीटर, म्हणजे घेर जेमतेम १४ सेंटिमीटर. मल्लखांबाची मानही याहून जाड. इतका गुळगुळीत आणि बारीक खांब स्नायूंनी आवळून भागत नाही, उघडी कातडीच त्याला चिकटावी लागते. मांडीची आतली बाजू, गुडघ्याची लवण, काख, पोटाची बाजू, जिथे कातडी तिथे पकड. त्या मुली आखूड चड्डी घालतात ती यासाठी. लेगिंग घालून वर गेलेली मुलगी लगेच सरकत खाली येते, हे मी तिथे पाहिलं. लंगोटाचं कारणही याहून फार वेगळं नव्हतं, पण लंगोटाबद्दल कुणी कधी भुवई उंचावल्याचं मला आठवत नाही.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. शाळेत असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, मिरजेत दोरीचा मल्लखांब करायचे. भाचीचं म्हणणं होतं, ‘मावशी, तू नुसती बस, बघ, नाहीतर घरी एकटी काय करणार?’ पण बूट काढून ओळीत बसल्यावर कोण नुसतं बघणार! शिकवणारीने माझ्या वयाकडे पाहिलं, गुडघ्यांची चौकशी केली, रक्तदाबाची केली, आणि शेवटी ‘काकू, जमिनीपासून एक फुटाच्या वर नाही’ या अटीवर परवानगी दिली. पहिला धडा खांबावर बसण्याचा. दोन्ही हातांनी वर धरायचं, खांब मांड्यांच्या मध्ये घ्यायचा, एक पाय दुसऱ्यावरून टाकायचा, मांड्या आवळायच्या आणि हळूहळू हात सोडायचे. सांगायला सोपं. मांडीच्या आतल्या बाजूची दोन बोटं कातडी त्या थंड स्टीलमध्ये अशी चिमटली जाते की डोळ्यांत पाणी येतं. माझ्या शेजारी बँकेत काम करणारी एक मुलगी होती, तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि मग माझ्याकडे बघून ‘सॉरी काकू’ म्हणाली. मी म्हटलं, चालू दे.

पुढचा धडा गुडघ्याने खांब अडकवण्याचा. बाहेरचा पाय वर आणून गुडघ्याच्या लवणीत खांब घ्यायचा, टाच मागे ओढायची, छाती मागे सोडायची. ती इंग्रजीत काहीतरी नाव सांगत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अढी!’ अगदी मल्लखांबाची अढी नाही ती. आमच्या अढीत दोन्ही पायांची कात्री असते. पण पाठीच्या कण्याला जे कळायचं ते कळलं. माणसाच्या शरीराला उभ्या खांबावर टिकायचे मार्गच मोजके आहेत. चीनमधले कसरतपटू रबर चढवलेल्या खांबांवर करतात, आपले मल्ल सागवानावर करत आले, कॅनडातल्या बाया स्टीलवर करतात. सगळ्यांचे गुडघे एकाच बाजूला वाकतात, तेव्हा साम्य दिसणारच. साम्य दिसलं की चोरी झाली असं म्हणायचं, तर जगातल्या सगळ्या पोळ्या एकाच बाईने लाटल्या म्हणावं लागेल.

आता आपल्या खांबाची कुळकथा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वर तिसऱ्याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींची त्यात सविस्तर वर्णनं आहेत आणि मल्लविनोदाच्या भागात पैलवानांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यानंतर थेट उत्तर पेशवाईपर्यंत सलग सांगता येईल अशी हकिगत नाही. पत्रकं आणि स्मरणिका हा सहाशे-सातशे वर्षांचा खड्डा एका वाक्यात उडी मारून ओलांडतात: ‘प्राचीन काळापासून चालत आलेला’. माझ्या ग्रंथपालकीला ही उडी कधीच पचली नाही. खांब त्या काळात होता की नव्हता हा भाग वेगळा. पण सोमेश्वराच्या पैलवानाने काय केलं आणि पेशवाईतल्या बाळंभटांनी काय केलं, यांना एकाच दोरीत ओवायला मधे धागा तर हवा.

बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे व्यायामगुरू. कथा अशी सांगतात की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. कोवळ्या वयाचे बाळंभट उठले, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठानाला बसले. तिथे मारुतीने लाकडी खांबावरचे डाव त्यांना दाखवले. परत येऊन त्यांनी गुलाबाला चीत केलं, आणि अलीने लढायचंच नाकारलं. मारुतीचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. गडाच्या झाडीतली वानरं बघून त्यांना हे सुचलं, असंही काही जण सांगतात, आणि मला ते जास्त आवडतं. पण कथेतली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खांब इथे प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभा आहे. मांडीची पकड, मानेला विळखा, कमरेवरून उलटणं हे सगळे कुस्तीतले डाव. ते जिवंत माणसावर दिवसभर करत राहिलं तर माणूस उरणार नाही. खांबाला दुखत नाही. मल्लखांब हा मुळात कुस्तीचा नोकर होता. त्याची स्वतंत्र पूजा, स्वतंत्र गुण, स्वतंत्र पदकं हे सगळं फार नंतरचं.

१८१८ साली पेशवाई गेली आणि बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला राहायला गेला. बाळंभटांची विद्या उत्तरेत गेली. काशीत त्यांच्या शिष्यपरंपरेतले कोंडभटनाना गोडबोले यांचं नाव आजही घेतात. बिठूरच्या वाड्यात नानासाहेब, तात्या टोपे आणि मोरोपंत तांब्यांची मनू एकत्र वाढली आणि मल्लखांब शिकली, ही गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतो. मल्लखांबाच्या कुठल्याही संमेलनात भाषणाला उभा राहिलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला झाशीच्या राणीपर्यंत पोचतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त एवढंच की ज्या खेळाच्या सगळ्यात मिरवल्या जाणाऱ्या नावांत एका मुलीचं नाव आहे, त्या खेळाचा खांब आम्हा मुलींना मिळाला नव्हता.

आम्हाला दोरी होती. मिरजेच्या ज्या व्यायामशाळेत मी जायचे तिथे मुलांचा खांब मैदानाच्या मधोमध आणि मुलींची दोरी मागे पत्र्याच्या शेडमध्ये, तुळईला टांगलेली. कारण विचारलं की गुरुजी म्हणायचे, ‘खांब पोरींच्या अंगाला सोसत नाही.’ कुठल्या अंगाला, कसा सोसत नाही, हे विचारायची पद्धत नव्हती. आई म्हणायची, तेलाचे कपडे कोण धुणार. माझ्या मते खरं कारण मांडी. खांबावर मांडीची पकड उघड दिसते, आणि तीही गावाच्या मैदानात.

तरी दोरीचं घराणं काही कमी नाही. आधी तो वेताचा मल्लखांब होता. लांब, लवचीक, मजबूत वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. बोटाएवढा जाड, अठरा-एकोणीस फूट लांब. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून. अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडायचा, वर हातांनी धरायचं, गुडघे उचलून पुन्हा खाली बेचक्यात धरायचं. पहिल्या दिवसांत तिथली कातडी फुटते, मग घट्टा पडतो. माझ्या डाव्या पायावर त्याची खूण अजून चाचपता येते. मग दोर पोटरीवरून, मांडीवरून, कमरेवरून घेत विळखे घालायचे आणि शेवटी सगळा भार त्या विळख्यांवर सोडून आसन लावायचं. नियम एकच कडक: गाठ मारायची नाही. कितीही उंचावर असा, कितीही वेटोळे घ्या, दोर शेवटी एका झटक्यात मोकळा झाला पाहिजे. शवासनापासून गरुडासनापर्यंत सगळं त्या बिनगाठीच्या दोरावर. आज कोथरूडच्या त्या स्टुडिओच्या दुसऱ्या खोलीत छताला रेशमी दिसणारे लांब पट्टे टांगून मुली वर चढतात, त्याला एरिअल सिल्क म्हणतात. कापड रुंद असल्यामुळे ते पायाभोवती गुंडाळून आराम करता येतो. आमच्या दोराला ती सवड नव्हती.

बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघाला, १९३६ ते १९४९ दरम्यान, दहा खंडांत. माझ्या ग्रंथालयात त्याचे सगळे खंड होते आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावरची धूळ मीच झटकत असे. त्यात मल्लखांबाच्या कसरती घराणेवार लावल्या आहेत: अढ्या, तेढ्या, बगल्या, दसरंग, सुईदोरे, वेल, फरारे, ताजवे, आसनं. असा पसारा शिस्तीत मांडणारी माणसं आपल्याकडे होती याचा मला मोठा अभिमान आहे. आणि हा सगळा पसारा मांडला गेला तो स्वदेशी व्यायामाच्या लाटेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरच्या शिवाजी पार्कवरचं काळे गुरुजींचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. देशासाठी कणखर शरीर घडवायचं ही त्या काळाची हाक होती, आणि ते शरीर बहुतेक वेळा मुलग्याचंच कल्पिलेलं होतं.

बाई उंचावर दिसायची ती सर्कशीत. आमच्या सांगली भागाला सर्कस म्हणजे घरचीच. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पागेत घोडे तयार करत. मुंबईत चिआरिनी या इटालियनाची सर्कस पाहून त्यांनी जिद्द धरली आणि १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. हिंदी माणसाने काढलेली ती पहिली. हा माणूस गाण्यातलाही दर्दी होता. भणंग अवस्थेत सापडलेल्या रहिमतखाँसाहेबांना त्याने आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि घोडे, वाघ यांच्या शेजारी ग्वाल्हेरचं ख्याल गाणं लोकांना ऐकवलं. (अशी सर्कस मला बघायला मिळाली असती तर मी झुला सोडून तंबूच्या मागच्या बाजूलाच बसले असते.) छत्र्यांच्या पत्नी स्वतः झुल्यावर काम करत आणि जनावरंही हाताळत, असं सर्कशीचा इतिहास लिहिणारे नोंदवतात. छत्र्यांच्या सर्कशीच्या आधी एकवीस वर्षं, १८५९ मध्ये, पॅरिसमध्ये ज्यूल लेओतार या तरुणाने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेऊन दाखवली होती. त्याच्या अंगातल्या चपखल पोशाखाला आजही त्याचंच नाव आहे. छत्र्यांच्या मागोमाग म्हैसाळच्या देवलांनी सर्कस काढली, पुढे केरळातलं तलश्शेरी सर्कशीचं माहेर झालं. या तंबूंत बायका झुल्यावरून सुटत होत्या आणि गाव तिकीट काढून टाळ्या वाजवत होतं. त्याच गावातल्या व्यायामशाळेत मुलीला खांब सोसत नव्हता. सर्कशीतल्या बाईचं धाडस बघायला सगळे जात, तिला सून करून आणायला कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

स्टीलच्या खांबाची वंशावळ या तंबूच्या बाजूची आहे, तालमीच्या नाही. अमेरिकेतल्या फिरत्या जत्रा आणि तिथले नाचाचे तंबू, मग दारूचे गुत्ते आणि क्लब, अशी ती वाट. १९९४ च्या सुमारास कॅनडात फॉनिया मोंडी या नर्तकीने क्लबबाहेरच्या साध्या बायकांना ही कसरत शिकवायला सुरुवात केली आणि खांब क्लबातून स्टुडिओत आला. २००९ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना निघाली, गुण द्यायची कलमं ठरली, आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडासंघांच्या महासंघाने तिला निरीक्षकाचा दर्जा दिला. आपल्याकडच्या पाट्यांवर ‘डान्स’ हा शब्द जपून वापरतात, ‘फिटनेस’ ठळक लिहितात, ते उगाच नाही. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली, ती २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, पुन्हा नवा कायदा झाला, पुन्हा कज्जे. त्या गदारोळात नाचणाऱ्या बायकांच्या पोटापाण्याचं काय झालं हे फार थोड्यांनी विचारलं. पण नाच आणि बाई हे दोन शब्द एका पाटीवर आले की सोसायटीचा सेक्रेटरी चष्मा पुसायला लागतो, हे मात्र पक्कं झालं. भाचीने आमच्या ताईला ‘जिमला जाते’ एवढंच सांगून ठेवलंय. मीही त्यात भर घातलेली नाही.

म्हणून मला हे ‘आपलं उचललं’ प्रकरण खटकतं. त्यात स्टीलच्या खांबाला पावन करून घ्यायची घाई असते: मूळ आपल्या तालमीत दाखवलं की क्लबचा डाग गेला. त्याची काही गरज नाही. क्लबातल्या बायकांनी ती कसरत स्वतःच्या हाडांवर शिकली, पडल्या, आपटल्या, त्यातून डाव बसवले. ते श्रेय काढून बाळंभटांच्या पदरात टाकलं तर बाळंभटांना काही मिळत नाही आणि त्या बायांचं होतं तेवढंही जातं.

दोन्ही खांबांचं खरं साम्य मला नियमपुस्तकात दिसतं. मल्लखांब १९५८ मध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या अंगणात शिरला, १९८१ मध्ये उज्जैनला त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. दीड मिनिटाच्या आत काय काय दाखवायचं, कशाला किती गुण, पाय वाकला तर किती वजा, हे ठरत गेलं. कुस्तीचा नोकर स्वतः मालक झाला. आता पैलवान मल्लखांब फारसा करत नाहीत आणि मल्लखांबवाले कुस्ती खेळत नाहीत. काही जुने लोक याला ऱ्हास म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण ज्या दिवशी गुणांचा तक्ता आला त्या दिवसापासून ‘सोसत नाही’ हे उत्तर पुरेसं राहिलं नाही. सोसतं की नाही ते पंच बघतील. मुली खांबावरही उतरल्या. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि तिथेच आयुष्य घालवलेले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबातला पहिला अर्जुन पुरस्कार २०२१ चा. तो हिमानी परब या मुलीला मिळाला. त्या बातमीचं कात्रण मी मिरजेला एका मैत्रिणीला पाठवलं. शेडमधल्या दोरीवर आम्ही दोघी एकदमच चढायला लागलो होतो. तिने उलट एकच ओळ लिहिली: ‘गुरुजींना दाखवायला हवं होतं.’ गुरुजी तेव्हा हयात नव्हते. असते तर, मला वाटतं, पोरीच्या टाचा नीट ताणलेल्या नाहीत असं काहीतरी काढलंच असतं.

भाची आता विचारते आहे की तिला दोरीचा मल्लखांब शिकायचाय, कुठे जाऊ. मी तिला दोन-तीन ठिकाणं सांगितली आहेत. फी स्टुडिओच्या मानाने नगण्य, वेळ पहाटेची, वातानुकूलन नाही, आरसे नाहीत, आणि शेजारच्या दोरीवर आठ वर्षांची पोरं तिला लाजवतील. पायाच्या बेचक्यात काय होणार तेही सांगून ठेवलंय. स्टुडिओतल्या गाद्या मात्र फार चांगल्या होत्या. हातभर जाड, निळ्या, कुठेही फाटलेल्या नाहीत. तशा गाद्या आपल्या व्यायामशाळांना कुणीतरी द्याव्यात.